रिपोर्ट चांगले आल्यानंतर : वाचकांचे प्रश्न, डॉक्टरांची उत्तरे

मागील अंकात मी माझ्या आजाराविषयी प्रथमच लिहिले होते. ज्यांनी तो लेख वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. लातूर जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी मी गेली अनेक वर्षे दवाखाना चालवते. २०१८ साली, वयाच्या ५१व्या वर्षी, मला मोठ्या आतड्याच्या उजव्या भागाचा कर्करोग झाल्याचे निदान झाले. त्याआधी पाच महिने मी दमत होते आणि स्वतःच स्वतःला लोहाच्या गोळ्या देत होते. पाळी थांबलेल्या बाईचे हिमोग्लोबिन ७.९ पर्यंत उतरते तेव्हा रक्त कोठून जाते आहे हे शोधायचे असते, हे मी अंबाजोगाईच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकले होते आणि कित्येक रुग्णांना सांगितलेही होते; स्वतःच्या बाबतीत मात्र ते केले नाही. शस्त्रक्रियेत काढलेल्या १९ लसिकाग्रंथींपैकी ५ ग्रंथींमध्ये कर्करोगाच्या पेशी निघाल्या, म्हणजे आजार तिसऱ्या टप्प्यात होता. पुढे सहा महिन्यांत आठ किमो झाल्या आणि मार्च २०१९ मध्ये उपचार संपले.

त्या लेखावर आलेल्या पत्रांत एक गोष्ट पुन्हापुन्हा दिसली. आजार कसा ओळखावा, शस्त्रक्रिया कोठे करावी, हे विचारणारे थोडे होते. उपचार पूर्ण झाले, रिपोर्ट चांगले आले, तरी माणूस पहिल्यासारखा का होत नाही, हे विचारणारे पुष्कळ होते. म्हणून या अंकात त्याच प्रश्नांना उत्तरे देत आहे. पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार दिलेली नाहीत.

प्रश्न : मी परभणीत शिक्षिका आहे. स्तनाच्या कर्करोगाचे माझे सर्व उपचार संपून आठ महिने झाले. डॉक्टर म्हणतात, रिपोर्ट नॉर्मल आहेत. घरचे म्हणतात, आता तू बरी झालीस, मनावर घेऊ नकोस. पण दोन तास शिकवले की अंगातला जीव गेल्यासारखे होते, झोपूनही थकवा जात नाही. हा आळस आहे का? तुम्ही यातून कशा बाहेर आलात?

उत्तर : ताई, हा आळस नाही, आणि मनाचा खेळही नाही. कर्करोगाच्या उपचारांनंतरचा थकवा ही वैद्यकशास्त्राला ठाऊक असलेली, नाव असलेली तक्रार आहे. श्रम केल्यावर येणारा थकवा विश्रांतीने उतरतो, हा उतरत नाही, हीच त्याची ओळख. फिट्झह्यू मुल्लन हे अमेरिकेतील डॉक्टर स्वतः कर्करोगातून गेले होते. त्यांनी १९८५ साली असे मांडले की कर्करोगातून वाचणे ही एका दिवसाची घटना नसून त्याचे वेगवेगळे ऋतू असतात, आणि उपचार संपल्यानंतरचा ऋतू हा स्वतंत्र, अवघड आणि वैद्यकाने दुर्लक्षिलेला असतो. तुम्ही सध्या त्या ऋतूत आहात. घरच्यांना ही कल्पना नसते, कारण त्यांच्या दृष्टीने संकट शेवटच्या किमोच्या दिवशी संपलेले असते.

मात्र हा उपचारांचाच थकवा आहे असे गृहीत धरण्यापूर्वी दुरुस्त होण्यासारखी कारणे शोधून घ्या. हिमोग्लोबिन, थायरॉईड, बी-१२, ड जीवनसत्त्व आणि साखर या तपासण्या तुमच्या गावातही होतात. झोप कशी लागते, वेदना आहे का, रात्री घाम येऊन जाग येते का, हे डॉक्टरांना स्पष्ट सांगा. किमोमध्ये किंवा गोळ्यांमध्ये हृदयावर परिणाम करणारे औषध होते का, तेही विचारा. दोन आठवड्यांहून अधिक काळ कशातच मन लागत नसेल, रडू येत असेल, तर त्यावरही उपचार आहेत. ‘टेली मानस’ या मानसिक आरोग्यसेवेच्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर विनामूल्य बोलता येते.

हे सर्व पाहून झाल्यावर जे औषध उरते ते म्हणजे मोजून केलेली हालचाल. मी डॉक्टर असूनही यावर माझा विश्वास नव्हता. दमलेल्या माणसाने पडून राहावे, अशीच माझी समजूत होती आणि एप्रिल २०१९चा अर्धा महिना मी पडूनच काढला. त्याने पाय आणखी बारीक झाले. मग एका सकाळी उन्हे चढण्यापूर्वी फाटकापासून शेजारच्या कडुलिंबापर्यंत जाऊन आले; त्याला चार मिनिटे लागली आणि त्यानंतर अर्धा तास बसावे लागले. तेवढेच मी आठवडाभर केले. दुसऱ्या आठवड्यात हापशापर्यंत, तिसऱ्या आठवड्यात मारुतीच्या पारापर्यंत गेले. दिनदर्शिकेवर रोजची मिनिटे लिहीत गेले, कारण मनाला वाटणारी प्रगती आणि खरी प्रगती यांत फार अंतर असते. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात पहाटे पाचनंतरचा दीड तासच चालण्याचा आहे, हे लक्षात ठेवा. बारा आठवड्यांनी मी सलग तीस मिनिटे चालू लागले. त्याबरोबर खुर्चीवरून हातांचा आधार न घेता उठणे आणि बसणे हा व्यायाम एक दिवसाआड करीत होते. सुरुवातीला अर्ध्या मिनिटात सहा वेळा उठता येत असे, दिवाळीपर्यंत ते चौदा वेळा जमू लागले.

एक चूक मी केली ती तुम्ही करू नका. त्या अक्षय तृतीयेला जरा बरे वाटले म्हणून दिवसभर पुरणपोळीचा स्वयंपाक केला आणि पुढचे तीन दिवस अंथरुणातून उठता आले नाही. चांगल्या दिवशी थोडे कमी करायचे आणि वाईट दिवशी थोडे तरी करायचे, ही शिस्त अंगी बाणायला मला पाच-सहा महिने लागले. शाळेतही तुम्ही पहिले दोन तास सलग घेण्याऐवजी मध्ये एक मोकळा तास मागून घ्या. तो मागताना संकोच वाटेल, पण मुख्याध्यापकांना कारण सांगितल्याशिवाय ते कळणारही नाही.

आतड्याच्या कर्करोगापुरते सांगायचे तर २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीने या विषयातील शंका बऱ्याच दूर केल्या. मुख्यतः कॅनडा आणि ऑस्ट्रेलियातील ८८९ रुग्ण त्यात होते. किमो संपल्यानंतर निम्म्यांना तीन वर्षे मार्गदर्शकाच्या देखरेखीखाली व्यायाम दिला आणि उरलेल्यांना आरोग्यविषयक माहितीची पुस्तिका दिली. पाच वर्षांनंतर आजाराशिवाय जगणाऱ्यांचे प्रमाण व्यायाम करणाऱ्यांत ८०.३ टक्के आणि दुसऱ्या गटात ७३.९ टक्के होते. हा आकडा तुमच्या आजाराला जसाच्या तसा लावता येणार नाही. थकव्यावर व्यायामाचा उपयोग होतो, हे मात्र स्तनाच्या कर्करोगातही अनेक अभ्यासांनी दाखवलेले आहे.

प्रश्न : मी केज तालुक्यातील शेतकरी आहे. तुमच्यासारखाच माझा आतड्याचा कर्करोग होता. किमो संपून तीन महिने झाले, पण पायांच्या बधिरपणात कमी होण्याऐवजी वाढ झाली आहे. चप्पल पायातून निघून गेली तरी कळत नाही. हे जाईल का? दुसरे असे की, प्रत्येक तपासणीला मुंबईला जाणे परवडत नाही.

उत्तर : दादा, ऑक्सॅलिप्लॅटिन नावाच्या औषधाचा हा परिणाम आहे. हे औषध नसांच्या मुळाशी साठते, म्हणून किमो बंद झाल्यावरही दोन-चार महिने बधिरपणा वाढत जातो आणि नंतर उतरू लागतो. वाढला म्हणून आजार उलटला असे समजू नका. माझ्या हातांचा बधिरपणा वर्षभरात गेला. पायाच्या बोटांत थोडा अजून आहे आणि सहाव्या किमोपासून या औषधाचे प्रमाण कमी केले नसते तर तो अधिक राहिला असता. बधिरपणा पूर्ण घालवणारे औषध नाही. आग होत असेल, वेदना असतील, तर ड्युलोक्सेटिन या गोळीचा काहींना उपयोग होतो. ती डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावी. ‘नसांच्या ताकदीसाठी’ मिळणाऱ्या गोळ्या मात्र स्वतःहून घेऊ नका. त्यांतील ॲसिटिल-एल-कार्निटिन हा घटक दुसऱ्या प्रकारची किमो घेणाऱ्या स्त्रियांच्या चाचणीत उपयोगी पडला नाही, उलट त्याने त्रास वाढला.

तुमच्या बाबतीत मला बधिरपणापेक्षा जखमेची काळजी अधिक वाटते. रात्रीची वीज असते म्हणून तुम्ही रात्री पाणी द्यायला जात असाल. बाभळीचा काटा रुतला तरी तुम्हाला कळणार नाही आणि विंचूकाट्याचे भय वेगळेच. बंद बूट घातल्याशिवाय शेतात पाऊल टाकू नका, बूट घालण्यापूर्वी ते झटकून घ्या आणि रोज संध्याकाळी तळपाय कोणाकडून तरी पाहून घ्या. आंघोळीचे पाणी पायाने पाहू नका, कोपराने पाहा. मी भाकरीचे पीठ उकळत्या पाण्यात मळताना दोनदा बोटे भाजून घेतली आणि फोड आल्यावरच ते मला समजले. भाकरी मी पुन्हा थापू लागले ती सात महिन्यांनी, तीही पीठ कोमट झाल्यावर.

तपासणीचे म्हणाल तर आपल्या आजारात पहिली दोन वर्षे दर तीन ते सहा महिन्यांनी आणि पुढची तीन वर्षे दर सहा महिन्यांनी डॉक्टरांची भेट व सीईए ही आजार परतला का याचा माग ठेवणारी रक्ततपासणी असते. सीटी स्कॅन सहा ते बारा महिन्यांनी आणि दुर्बिणीची तपासणी साधारण एका वर्षाने असते. यांपैकी बहुतेक गोष्टी छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात, लातुरात किंवा तुमच्या बाजूने जवळ पडणाऱ्या बार्शीच्या कर्करोग रुग्णालयात होऊ शकतात. मुंबईच्या डॉक्टरांकडून पुढील पाच वर्षांचा तपासण्यांचा तक्ता एका कागदावर लिहून मागा आणि कोणती तपासणी जवळ करून रिपोर्ट पाठवला तर चालेल, हे त्यांनाच विचारा. जावे लागलेच तर कर्करुग्णाला आणि सोबतच्या एका माणसाला रेल्वेभाड्यात सवलत मिळते. त्यासाठीचा अर्ज रुग्णालयातून सही-शिक्क्यासह घ्यावा लागतो. कित्येक कुटुंबे वर्षानुवर्षे पूर्ण भाडे भरून जात राहतात, याचे मला वाईट वाटते.

प्रश्न : वडिलांच्या गालाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया आणि नंतर तीस-बत्तीस दिवस लाईट झाली. आता तोंड दोन बोटेही उघडत नाही, लाळ सुटत नाही, भाकरी गिळत नाही. वजन अकरा किलो घटले. एक दाढ दुखते आहे, ती काढून टाकावी का? (जालना)

उत्तर : दाढेचे आधी सांगते, कारण त्यात घाई घातक ठरते. लाईट, म्हणजे किरणोपचार झालेल्या जबड्याचा रक्तपुरवठा कमी झालेला असतो. तेथील दाढ काढल्यास जखम भरून न येता हाड सडू शकते आणि हा धोका वर्षांनुवर्षे राहतो. ज्यांनी लाईट दिली त्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय आणि दंतवैद्याला लाईटचे कागद दाखवल्याशिवाय दाढेला हात लावू देऊ नका.

तोंड उघडण्याचा व्यायाम रोज, दिवसातून चार-पाच वेळा, आणि वर्षानुवर्षे करायचा असतो. आईस्क्रीमच्या स्वच्छ लाकडी काड्या एकावर एक ठेवून दातांमध्ये धरायच्या, अर्धा मिनिट थांबायचे आणि आठवड्याला एखादी काडी वाढवण्याचा प्रयत्न करायचा. किती काड्या बसतात हे लिहून ठेवा. फिजिओथेरपिस्टकडून एकदा पद्धत समजून घ्यावी. गालात गाठ, व्रण किंवा नवा पांढरा चट्टा दिसला तर व्यायाम थांबवून आधी दाखवा.

खाण्यासाठी भाकरीचा हट्ट सध्या सोडा. ज्वारीच्या पिठाची आंबील, ताकात किंवा दुधात कुस्करून मऊ केलेली भाकरी, तुरीचे घट्ट वरण, मऊ खिचडीत तूप, अंड्याची मऊ भुर्जी, भिजवून वाटलेले शेंगदाणे दुधात, असे सहा वेळा थोडेथोडे द्या. तिखट बेताने वापरा. पन्नास किलोच्या माणसाला आजारातून उठताना रोज साधारण ५० ते ७५ ग्रॅम प्रथिने लागतात. एका अंड्यातून सहा ग्रॅम आणि पेलाभर दुधातून सहा-सात ग्रॅम मिळतात, म्हणजे नुसत्या पेजेवर ठेवून चालणार नाही. गिळताना ठसका लागत असेल तर मात्र आहार वाढवण्यापूर्वी गिळण्याची तपासणी करून घ्या. मानेवर लाईट झाली असल्यास थायरॉईड दर सहा ते बारा महिन्यांनी तपासावे लागते.

आणि सुपारी, तंबाखू, गुटखा यांपैकी काही अजून सुरू असेल तर ते लपवू नका, डॉक्टरांना सांगा. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे, तरी तो मिळतो हे आपण सगळेच जाणतो. सवय सोडण्यासाठी गोळ्या आणि समुपदेशन दोन्ही मिळते. रागावून ती सुटत नाही, हे मी माझ्या दवाखान्यात वारंवार पाहिले आहे.

प्रश्न : साखर पूर्ण बंद केली तर कर्करोग परत येत नाही, असे एका नातेवाइकांनी सांगितले. ते गव्हांकुराचा रस आणि एक काढाही देत आहेत. घ्यावा का? (हिंगोली)

उत्तर : शरीरातील प्रत्येक पेशी, निरोगी असो वा आजारी, साखरेवर चालते, तुम्ही गोड सोडले तरी शरीर भाकरीतून आणि साठ्यातून साखर तयार करतेच. साखर तोडून कर्करोग उपाशी मरतो, असे आजवर सिद्ध झालेले नाही. वजन वाढू नये म्हणून गोड कमी करणे योग्य आहे, पण भात, भाकरी, फळे सगळेच बंद करून दहा किलो वजन घटवलेले रुग्ण मी पाहिले आहेत आणि त्यांचे पुढचे उपचार त्यामुळे लांबले. काढ्यात काय आहे हे लिहून मिळत नसेल तर किमो किंवा गोळ्या सुरू असताना तो घेऊ नये. कित्येक वनस्पती यकृतावर ताण आणतात आणि औषधांचे प्रमाण बिघडवतात. मी काय खाल्ले असे विचाराल तर ज्वारीची भाकरी, वरण, करडईची आणि मेथीची भाजी, दही, अंडी, हंगामात मोसंबी आणि सीताफळ. आतड्याचा भाग काढल्यामुळे पहिले काही महिने पालेभाजीने जुलाब होत, म्हणून तिची सुरुवात दोन चमच्यांपासून केली. जुलाब थांबेनात तेव्हा ते पित्तामुळे होत असल्याचे निघाले आणि त्यावर औषध मिळाले. हे सहन करण्याची गोष्ट नाही, तपासून घेण्याची आहे.

प्रश्न : तुमच्या आजारानंतर घरातील इतरांच्या तपासण्या केल्या का? (धाराशिव)

उत्तर : केल्या. आई-वडील, भाऊ-बहीण किंवा मुले यांपैकी कोणाला आतड्याचा कर्करोग झाला असेल तर चाळिसाव्या वर्षी, किंवा रुग्णाच्या निदानाच्या वयाच्या दहा वर्षे आधी, यांपैकी जे लवकर येईल तेव्हा दुर्बिणीने तपासणी सुरू करावी. माझ्या धाकट्या भावाच्या आतड्यात दोन लहान मांसल कोंब निघाले आणि ते त्याच वेळी काढले. स्त्रियांनी गर्भाशयमुखाची तपासणीही करून घ्यावी. तुमच्याच जिल्ह्यातील खेड्यांत १९९९ पासून १ लाख ३१ हजारांहून अधिक स्त्रियांवर झालेल्या अभ्यासाने हे दाखवून दिले की ३० ते ५९ या वयात एकदाच केलेल्या एचपीव्ही (हा कर्करोग घडवणारा विषाणू) तपासणीनेही या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर येतात. २००९ साली प्रसिद्ध झालेला हा निष्कर्ष जगभर वापरला गेला, तो आपल्या बायाबापड्यांच्या सहभागातून आलेला आहे. मग त्या तपासणीसाठी आपल्याच घरातील स्त्रिया का मागे राहतात, याचा विचार घरातील पुरुषांनीही करावा.

प्रश्न : मी नांदेडला डॉक्टर आहे, वय ३८. लिम्फोमाचे (लसिकाग्रंथींच्या कर्करोगाचे) उपचार पूर्ण होऊन सव्वा वर्ष झाले. कामावर परत आलो आहे, पण तपासणीची तारीख जवळ आली की दहा दिवस झोप लागत नाही. मान दिवसातून वीस वेळा चाचपतो. रुग्णाला गाठ असली की हात थरथरतो. हे किती दिवस चालणार?

उत्तर : आपण दोघे एकाच व्यवसायातले आणि एकाच वाटेवरचे, म्हणून मोकळेपणाने लिहिते. माझ्या बाबतीत ही भीती पहिली तीन वर्षे प्रत्येक तारखेला तितक्याच जोराने येत असे. त्यानंतर दिवस कमी झाले. सातव्या वर्षी ती आदल्या रात्रीपुरती येते. सामान्य रुग्ण भितो तेव्हा त्याला कशाची भीती वाटते हे नेमके ठाऊक नसते. आपल्याला प्रत्येक शक्यतेचे नाव, टक्केवारी आणि शेवट पाठ असतो. हे ज्ञान आपले रक्षण करील असे मला वाटत होते, प्रत्यक्षात त्याने माझी झोप उडवली.

काही गोष्टींचा मला उपयोग झाला, त्या सांगते. स्वतःला तपासण्याचा एक दिवस ठरवा. महिन्यातून एकदा, आंघोळीनंतर, पाच मिनिटे. एरवी हात मानेकडे गेला की तो खाली घ्या. सतत चाचपल्याने ग्रंथी दुखू लागतात आणि दुखल्यामुळे भीती वाढते. स्वतःचे रिपोर्ट स्वतः वाचून अर्थ लावू नका. उपचारांनंतरचा माझा पहिला सीईए मी रात्री अकरा वाजता फोनवर पाहिला. तो मर्यादेतच होता, पण आधीच्या आकड्यापेक्षा ०.६ ने जास्त होता, आणि त्या दशांशावर मी रात्र काढली. नंतर मी लातूरच्या एका मैत्रिणीला माझी डॉक्टर नेमले; रिपोर्ट तिच्याकडे जातात आणि ती मला सांगते. गेली सात वर्षे माझे औषधही तीच लिहून देते, साध्या तापाचेसुद्धा. स्वतःवर उपचार करून मी पाच महिने गमावले होते, तो हक्क मी सोडून दिला. झोप आणि काम दोन्ही बिघडत असतील तर मानसोपचारतज्ज्ञांची भेट घ्या. मी आठ वेळा गेले आणि पहिल्या भेटीला दवाखान्यापासून दूरच्या गावी गेले, याची आता गरज नव्हती असे वाटते.

कामावर परतताना मी जून २०१९ मध्ये सकाळचे फक्त दोन तास बसले. तीन महिन्यांनी चार तास केले. पूर्ण वेळ मी आजही बसत नाही आणि रात्रीचे रुग्ण शेजारच्या तरुण डॉक्टरांकडे सोपवले आहेत. उत्पन्न कमी झाले, त्याप्रमाणे खर्च बसवला. तुम्ही सव्वा वर्षात पूर्ण ओपीडी आणि रात्रपाळ्या दोन्ही सुरू केल्या असाल तर झोप न येण्याचे ते एक सरळ कारण आहे.

रुग्णाच्या गाठीवर हात ठेवताना थरथर झाली तर खुर्चीत बसा, पाणी प्या आणि पुन्हा तपासा. मी तसेच केले. आजारापूर्वी मी उपचार संपवून आलेल्या माणसाचे कागद पाहत असे, ‘आता तुम्ही ठणठणीत’ असे म्हणत असे आणि पुढच्या रुग्णाला हाक मारत असे. झोप, पाय, पोट, पैसे आणि भीती यांविषयी मी कधी विचारले नव्हते. हे पाच शब्द आता माझ्या टेबलाच्या काचेखाली कागदावर लिहिलेले आहेत आणि असा रुग्ण आला की त्या क्रमाने विचारते. प्रत्येकाला पंधरा मिनिटे लागतात, बाहेर रांग खोळंबते, काही जण रागावून निघूनही जातात.

तुम्हाला एक विनंती आहे. किमोमध्ये हृदयावर किंवा फुप्फुसावर परिणाम करणारी औषधे होती का हे कागद काढून पाहा आणि असल्यास हृदयाच्या इको तपासणीविषयी व श्वासाच्या तपासणीविषयी तुमच्या तज्ज्ञांशी बोला. आपण डॉक्टर मंडळी दम लागणे वयावर ढकलतो. पुढचा रिपोर्ट स्वतःच्या फोनवर न मागवता थेट त्यांच्याकडे जाईल अशी व्यवस्था करा आणि त्या दिवशी दुपारनंतरची ओपीडी ठेवू नका.